सर्चमधून आपली खासगी माहिती कशी काढायची?

स्वतःचं नाव सर्च केल्यावर मोबाइल नंबर किंवा घरचा पत्ता समोर आला, की बहुतेक जण तडक गूगलला कळवायला निघतात. पण ती माहिती गूगलकडे नसते. ती कुठल्यातरी वेबसाइटवर असते आणि गूगल तिथवरचा रस्ता दाखवतं. गूगलने निकाल काढला तरी मूळ पान जागेवरच राहतं, बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनवर सापडतं, ज्याच्याकडे लिंक आहे त्याला उघडतं. मूळ पानच गेलं, तर सगळ्या सर्च इंजिनांतून ते आज ना उद्या गळून पडतं. म्हणून एरवीचा क्रम असा: आधी वेबसाइट, मग सर्च इंजिन. हा क्रम मोडायचे प्रसंगही आहेत, ते पुढे येतीलच.

सुरुवात नीट शोधण्यापासून करा. इन्कॉग्निटो विंडो उघडा, म्हणजे तुमच्या लॉगिनचा परिणाम निकालांवर होणार नाही. पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. मग मधलं नाव वगळून, आडनाव आधी घेऊन, देवनागरीत आणि रोमन लिपीत शोधा. मराठी नावांची रोमन स्पेलिंग कोण कशी करेल याचा नेम नसतो, तेव्हा एकेरी ‘ए’ आणि दुहेरी ‘ए’ दोन्ही करून बघा. फोन नंबर सलग, मध्ये जागा सोडून आणि देशाच्या कोडसह असा तिन्ही प्रकारे शोधा. इमेजेसचा टॅब वेगळा तपासा. शोधाला ‘फाइलटाइप’ (filetype:pdf) ही सूचना लावून फक्त पीडीएफ काढा, कारण सभासद याद्या, जुने बायोडेटा, स्पर्धांचे निकाल, संस्थांचे अहवाल हे सगळं पीडीएफमध्येच पडून असतं. एक सांभाळा: ओळखपत्राचा किंवा कार्डाचा पूर्ण क्रमांक सर्चच्या चौकटीत टाकू नका. नावासोबत शेवटचे तीन-चार अंक पुरतात.

सापडलेली प्रत्येक गोष्ट एका शीटमध्ये नोंदवा: पानाची लिंक, त्यावर नेमकी कोणती माहिती आहे, कोणत्या शब्दांनी शोधल्यावर ती आली, कोणाला कधी कळवलं. सोबत स्क्रीनशॉट घ्या, त्यात वरची अ‍ॅड्रेस बार आणि तारीख दिसली पाहिजे. लिंक घेताना पान उघडून अ‍ॅड्रेस बारमधूनच कॉपी करा. सर्चच्या यादीतली किंवा नुसती होमपेजची लिंक फॉर्ममध्ये दिली, तर अर्ज बहुधा तिथेच अडतो.

जे तुमच्याच हातात आहे, ते आधी

बराचसा पसारा आपणच मांडलेला असतो. फेसबुकच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या सर्च इंजिनांना प्रोफाइलची लिंक दाखवण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. लिंक्डइनवर सार्वजनिक प्रोफाइल पूर्ण बंद करता येतं किंवा त्यातले हवे तेवढेच भाग दाखवता येतात. गूगल ड्राइव्हवर ‘वेबवर प्रकाशित करा’ असं करून ठेवलेल्या जुन्या फाइली तपासा. स्वतःच्या नावावर डोमेन (वेबसाइटचा नोंदवलेला पत्ता) असेल, तर नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे तुमचे तपशील लपवणारी प्रायव्हसीची सोय चालू आहे का ते बघा. जुन्या फोरमवरचं खातं बंद करण्याआधी त्यातल्या पोस्ट खोडा. अनेक ठिकाणी खातं बंद झाल्यावरही पोस्ट राहतात आणि मग त्या खोडायला तुमच्याकडे लॉगिनच उरत नाही.

वेबसाइटवाल्यांना काय लिहायचं

चार ओळी पुरतात. धमकी, कायद्याची कलमं, लांबलचक कैफियत यांची गरज नाही. असं लिहा:

‘नमस्कार. तुमच्या वेबसाइटवरील या पानावर माझा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता दिसतो आहे. (इथे लिंक द्या.) त्यामुळे मला अनोळखी लोकांचे फोन येत आहेत. कृपया या दोन गोष्टी पानावरून आणि त्याला जोडलेल्या पीडीएफमधून काढाव्यात. बाकी मजकुराला माझी हरकत नाही. सात दिवसांत कळवल्यास आभारी राहीन.’

‘बाकी मजकुराला हरकत नाही’ हे वाक्य मोठं काम करतं. सगळं पान काढा म्हटलं की माणूस हटून बसतो, दोन ओळी खोडायला सहसा तयार होतो. ओळखीचा पुरावा म्हणून ओळखपत्राची प्रत आपणहून पाठवू नका. मागितलीच तर फोटो आणि क्रमांक झाकून पाठवा.

पान काढायला ते तयार झाले, तर तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यापर्यंत दोन गोष्टी पोहोचवा. काढलेल्या पानाने ४०४ किंवा ४१० हा, म्हणजे ‘हे पान नाही’ असं सांगणारा कोड द्यायला हवा, ते होमपेजकडे वळवू नये. आणि पान ठेवून फक्त सर्चमधून लपवायचं असेल, तर त्यावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान निकालांत दाखवू नका’ अशी सर्च इंजिनांसाठीची खूण, लावावं. पुष्कळ जण त्याऐवजी ‘रोबोट्स’ फाइलमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांनी कोणती पानं वाचू नयेत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्या पानाला बंदी घालतात आणि तिथेच फसतात. बंदी घातल्यावर गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) पान वाचूच शकत नाही, त्यामुळे त्यावरचं ‘नोइंडेक्स’ त्याला दिसत नाही आणि लिंक निकालात तशीच राहू शकते. पीडीएफची आणि फोटोची लिंक स्वतंत्र असते. पान दुरुस्त झालं तरी त्या फाइली सर्व्हरवर पडून राहतात, त्या वेगळ्या काढायला सांगाव्या लागतात.

पान बदललं, तरी गूगलवर जुनंच दिसतंय

गूगलचा बॉट पुन्हा तिथे जाईपर्यंत निकालाखालच्या दोन ओळींत जुना मजकूर दिसत राहतो. त्यासाठी गूगलचं ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ हे साधन आहे. ते कोणीही वापरू शकतं, वेबसाइट तुमची असायची गरज नाही. पान पूर्ण गेलं असेल तर लिंक दिली की झालं. पान आहे पण मजकूर बदललाय, तर जुन्या मजकुरात असलेला आणि आता पानावर कुठेही नसलेला एक शब्द द्यावा लागतो. ‘कुठेही’ हे महत्त्वाचं. नंबर मजकुरातून काढला पण खालच्या प्रतिक्रियेत राहिला, तर अर्ज फेटाळला जातो. अर्ज करण्याआधी पान उघडून तो शब्द शोधून बघा.

वेबसाइट तुमचीच असेल तर सर्च कन्सोल या वेबसाइट मालकांसाठीच्या गूगलच्या साधनातलं ‘रिमूव्हल्स’ वापरा. पण ते सुमारे सहा महिनेच टिकतं. तेवढ्यात पान काढलं नाही किंवा ‘नोइंडेक्स’ लावलं नाही, तर ते परत वर येतं.

गूगलला थेट कधी सांगायचं

वेबसाइटवाला दाद देत नसेल, तर गूगलचा खासगी माहिती काढण्याचा फॉर्म भरा. घरचा पत्ता, फोन, ईमेल, सरकारी ओळख क्रमांक, बँक खातं किंवा कार्डाचा क्रमांक, सहीचा किंवा ओळखपत्राचा फोटो, वैद्यकीय कागदपत्रं, लॉगिनचे तपशील यांसाठी तो आहे. काही देशांत गूगल अ‍ॅपमध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप केल्यावर ‘रिझल्ट्स अबाउट यू’ हा पर्यायही दिसतो. तिथे आपली माहिती नोंदवली, की नव्या निकालांची सूचना येते.

फॉर्ममध्ये शोधशब्दांची चौकट येते, ती घाईत भरू नका. गूगल कधी लिंक पूर्णपणे काढतं, तर कधी फक्त तुमच्या नावाने शोधल्यावरच लपवतं. दुसऱ्या प्रकारात तुम्ही दिलेल्या शब्दांना वजन येतं. शीटमध्ये नोंदलेल्या नावाच्या सगळ्या स्पेलिंग तिथे द्या.

बातमी, सरकारी नोंद, सार्वजनिक हिताची माहिती यांबाबत अर्ज बहुधा नाकारला जातो. युरोपात मात्र वेगळी वाट आहे. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर तिथल्या रहिवाशांना जुनी, गैरलागू माहिती आपल्या नावाच्या शोधातून काढून मागता येते. वैतागून कॉपीराइटच्या तक्रारीचा आडमार्ग धरू नका. फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो, त्यात दिसणाऱ्याचा नव्हे. शिवाय अशा तक्रारींच्या प्रती ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जातात आणि तक्रारदाराचं नाव तिथे झळकू शकतं.

क्रम उलटा करायचे प्रसंग

बँकेचे तपशील उघडे पडलेत, पत्त्यासोबत धमकी आहे किंवा संमतीशिवाय टाकलेले खासगी फोटो आहेत, तर वेबसाइटवाल्याच्या उत्तराची वाट पाहू नका. स्क्रीनशॉट घ्या, कारण एकदा पान गेलं की पोलिसांना दाखवायला काही राहत नाही. लगेच गूगल आणि बिंगला कळवा. ज्याने त्रास द्यायलाच माहिती टाकली आहे, त्याला स्वतः संपर्क करू नका, त्यातून त्याला तुमचा चालू ईमेल मिळतो. कार्ड बंद करा, पासवर्ड बदला. निकाल हटला तरी तोवर माहिती कोणी उतरवून घेतली असेल, ती परत येत नाही. खासगी फोटोंसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड होत नाही, तुमच्या फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून फोटो अडवतात. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ आहे.

बिंगचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. डकडकगो आणि याहू यांचे बरेचसे निकाल बिंगकडूनच येतात, त्यामुळे बिंगवरून गेलं की या दोन्हींवरही फरक पडतो. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात पानाची प्रत असेल, तर तो चालवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हला लिंक देऊन ईमेल करा. हेच फॉर्म भरून देण्याचे पैसे घेणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांना पैसे आणि वर स्वतःची कागदपत्रं द्यायचं कारण नाही, सगळे फॉर्म मोफत आहेत. दर तीन-चार महिन्यांनी शीट उघडून तेच शोध पुन्हा करा. माहिती गोळा करून विकणाऱ्या साइटवर काढलेली नोंद नव्या लिंकवर परत उगवते आणि नव्या लिंकसाठी अर्जही नव्याने करावा लागतो.