भुईमुगाला जिप्सम द्यायचं कसं आणि कधी

माती परीक्षण, बीजप्रक्रिया, पेरणी तुम्हाला येतेच. स्फुरद (फॉस्फरस) डीएपी खताऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या. सोबत ११ टक्के गंधक फुकटात मिळतं. गंधक कमी पडलं की दाण्यातलं तेल घटतं. नत्राची पेरणीची मात्रा दिली की युरियाची गोणी बांधून ठेवा. मुळांवर गाठी धरल्या की भुईमूग आपलं नत्र आपणच मिळवतो. वरून टाकलंत तर पाला माजतो आणि दाण्यात प्रथिनं वाढून तेलाचा टक्का उतरतो.

खरी मेख जिप्सममध्ये, म्हणजे शेंगेला कॅल्शियम आणि गंधक देणाऱ्या खनिजात आहे. मी दोन हंगाम ते वेळेवर दिलं नाही. एकदा सगळं पेरणीलाच टाकलं, ते पावसानं खाली वाहून नेलं. दुसऱ्यांदा साठाव्या दिवशी आठवण झाली. काढणीला शेंगा टपोऱ्या, पण दाबल्या की फस्स! आत दाणाच नाही.

कारण असं, की मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर वर पानांत जातं आणि तिथेच अडकतं; परत खाली शेंगेकडे येत नाही. शेंगेला ते भोवतालच्या मातीतून, स्वतःच्या टरफलातून शोषावं लागतं. म्हणूनच ‘पानांवर कॅल्शियम फवारा’ हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तेव्हा दिवस मोजत बसू नका, झाड बघा. फुलं लागल्यावर आठवड्याभरानं ओळीत बसून फांद्या वर उचला. जांभळट सुयांसारख्या आऱ्या (फुलातून निघून मातीत शिरणारे, शेंग धरणारे देठ) मातीकडे झुकलेल्या दिसल्या की लगेच हेक्टरी ४०० ते ५०० किलो जिप्सम द्या. पानं कोरडी असताना, झाडाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी, जिथे आऱ्या उतरणार तिथेच पडू द्या. सरीत पडलेलं वाया गेलं समजा. झाडाच्या बुडाला मातीची हलकी भर लावा आणि माती ओलसर ठेवा. कोरड्या मातीतून शेंगेला काही घेता येत नाही. आऱ्या आत शिरल्या की कोळपं (ओळींतली आंतरमशागत) बंद.

या वेळी पालाश (पोटॅश) मात्र टाकू नका, तो शेंगेपाशी कॅल्शियमच्या आड येतो. आणि नुसत्या पिवळ्या गंधकानं जिप्समचं काम भागत नाही, त्यात कॅल्शियमच नसतं.

काढणीनंतर चार दाणे नखानं फोडून बघा. दोन डाळींमधला कोंब काळा दिसला तर कॅल्शियम कमीच पडलंय. ते दाणे बियाण्याला ठेवू नका.