एशानेसच्या कड्यावर फील्डवर्क: जिऑलॉजीच्या नव्या मुलांसाठी

स्कॉटलंडमध्ये जिऑलॉजीचं मास्टर्स करणाऱ्या आपल्या मुलांपैकी बरीचशी डिझर्टेशनसाठी लॅबमधला विषय धरतात. कारण उघड आहे. खर्च कमी, पावसात भिजणं नाही, आणि शहरातली पार्टटाइम नोकरीही सुटत नाही. मी शेटलंडचा एशानेस कडा घेतला. पुण्यात बीएस्सी करून आलेल्या माणसाला याहून चांगली जागा मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच ज्यांची विषयाची निवड अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी जागा कुठे आहे ते. शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला, 60 अंश अक्षांशाच्या आसपास पसरलेली शंभरहून जास्त बेटं. वस्ती त्यातल्या मोजक्याच बेटांवर, एकूण साधारण 23,000 माणसं. मुख्य बेटाच्या वायव्य टोकाला नॉर्थमेव्हिन नावाचा भाग आहे, आणि त्याची अटलांटिकमध्ये घुसलेली पश्चिम बाजू म्हणजे एशानेस. झाड नाही, आडोसा नाही. मेंढ्यांनी कातरलेलं हिरवंगार गवत चालत चालत थेट कड्यापर्यंत जातं आणि तिथे जमीन संपते. टोकाला 1929 सालचं चौकोनी दीपगृह.

दगड सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा आहे. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर वाढलेली माणसं. सह्याद्रीत लाव्हाचे थर मैलोनमैल आडवे दिसतात, पण ज्वालामुखीचा डोंगर काही दिसत नाही, कारण तो लाव्हा भेगांतून आला. एशानेसला समुद्राने एका खऱ्या शंकूची कूसच कापून काढली आहे. लाव्हा, त्यावर राखेचा आणि फुटक्या दगडांचा थर, पुन्हा लाव्हा. वायूच्या पोकळ्यांत अगेट, म्हणजे अकीक, भरलेलं दिसतं तेव्हा पुण्याच्या आसपास बेसॉल्टच्या पोकळ्यांतले झिओलाइटचे स्फटिक शोधत हिंडलेल्या माणसाचा हात आपोआप हातोड्याकडे जातो. तो आवरा. हा किनारा संरक्षित आहे, आणि नमुना काढायचा तर नेचरस्कॉट (स्कॉटलंडची निसर्गसंरक्षणाची सरकारी संस्था) आणि जमीनमालक दोघांनाही आधी विचारावं लागतं. तुमच्या गाइडला हे माहीत असेलच, पण पत्रव्यवहाराला वेळ लागतो. फेब्रुवारीतच सुरुवात करा.

माझा विषय मात्र ज्वालामुखी नव्हता, कड्यावरचे ठोकळे होता. दीपगृहाच्या उत्तरेला किनाऱ्याने चालत गेलं की ग्रिंड ओ दा नेव्हिर लागतं. कड्याला मध्येच दरवाजासारखी खाच पडली आहे, समुद्रापासून सुमारे 15 मीटर उंचीवर. त्या दाराच्या आत, जमिनीच्या बाजूला, मोठमोठ्या दगडांचे बांध रचल्यासारखे पडले आहेत. ते लाटांनी उचकटून आत फेकलेले आहेत. सॅम्युएल हिबर्ट या भूगर्भशास्त्रज्ञाने 1822 मध्येच याची नोंद केली होती. पाणी इथल्या इग्निम्ब्राइटच्या (ज्वालामुखीची तापलेली राख घट्ट होऊन बनलेल्या दगडाच्या) भेगांत जोराने घुसतं, ठोकळा सैल होतो आणि पुढची मोठी लाट त्याला आत लोटते. जानेवारी 1993 मध्ये उत्तर अटलांटिकवर हवेचा दाब 914 हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता, म्हणजे वादळ प्रचंड होतं. त्या काळातल्या वादळांनी इथे काय हलवलं यावर बरंच काम झालं आहे. शेटलंडला सुमारे 8,000 वर्षांपूर्वी स्टोरेगाची (नॉर्वेजवळ समुद्रतळ घसरून उठलेली) त्सुनामीही येऊन गेली, त्यामुळे 'हे वादळाचं की त्सुनामीचं' हा प्रश्न व्हायव्हामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास येतो. ताजे उचकटलेले ठोकळे हे त्याचं सरळ उत्तर: ते इतक्या जुन्या त्सुनामीचे असू शकत नाहीत.

ताजे कसे ओळखायचे? दगडफुलावरून. जुन्या उघड्या पृष्ठभागावर राखाडी-पिवळं दगडफूल चढलेलं असतं, नव्याने फुटलेली बाजू स्वच्छ लालसर दिसते. आणि दगडफूल ठोकळ्याच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन पोहोचतच नाही अशा ठिकाणी असेल, तर तो ठोकळा अलीकडे उलटला आहे हे नक्की. अशा वेळी गुडघे टेकून टॉर्चने खाली बघायचं. काही ठोकळ्यांखाली दबलेलं, पिवळं पडलेलं गवतही सापडतं.

मोजमाप सोपं वाटतं: लांबी, रुंदी, जाडी, लांब अक्षाची दिशा, जीपीएस. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर जाड ठोकळा म्हणजे 3 घनमीटर, घनता 2.5 धरली तर साडेसात टन. पण ठोकळे काही खोक्यासारखे नसतात, त्यामुळे या हिशेबात वजन नेहमी जास्तच येतं. थोड्या ठोकळ्यांचे चहूबाजूंनी फोटो काढून थ्रीडी मॉडेल करा आणि किती फरक पडतो ते तपासा. परीक्षकांना हे फार आवडतं. ड्रोनच्या भरवशावर मात्र राहू नका. वारा त्याला टिकू देत नाही, आणि उन्हाळ्यात कड्यावर पक्ष्यांची घरटी असतात.

आता वारा. तो इथल्या पाचवीलाच पुजलेला आहे. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच, तेव्हा जोडीदार घ्या. एकट्याने काम करायला युनिव्हर्सिटी तशीही परवानगी देत नाही. वहीची पानं रबरबँडने बांधा, पेन्सिल दोरीने गळ्यात अडकवा, वॉटरप्रूफ वही घ्याच. आपल्याकडून येणारे सगळे पावसाची भीती घेऊन येतात, पण अंदाजात पावसाआधी वाऱ्याची दिशा बघायची. पश्चिमेचा वारा तुम्हाला कड्यापासून आत ढकलतो. पूर्वेचा समुद्राकडे ढकलतो, आणि त्या दिवशी ऊन पडलेलं असलं तरी कड्यापासून लांबचं काम काढायचं. दुसरी गोष्ट स्वेल. शेकडो किलोमीटरवरच्या वादळाच्या लाटा निरभ्र दिवशी इथे येऊन आदळतात. ग्रिंडच्या दारात उतरण्याआधी वरून अर्धा तास नुसतं पाणी बघत बसा. गाइडने सांगितलेला हा नियम मला आधी वेळखाऊ वाटला होता. खालचा कातळ बराच वेळ कोरडा राहून एकाएकी धुऊन निघालेला पाहिला, त्यानंतर नाही वाटला.

फुलमार नावाचा पांढरा-करडा पक्षी कड्याच्या कपारीत बसतो. दिसायला अगदी गरीब. फार जवळ गेलात तर पोटातलं तेल तोंडाने उडवतो, आणि तो वास जॅकेटमधून जाता जात नाही. बॉन्क्सी, म्हणजे मोठा स्कुआ, घरट्याच्या आसपास गेलं की डोक्यावर झेप घेतो. काठी डोक्यावर उंच धरली की तो काठीवर येतो. मुळात वाट बदलावी हेच खरं. बर्ड फ्लूने त्यांची संख्या फार घटली आहे, आपण आणखी त्रास देऊ नये.

प्रवास ॲबर्डीनहून रात्रीच्या बोटीने, सकाळी लर्विक. उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी घ्या, नंतर उपयोग नाही. लर्विकहून एशानेस साधारण 60 किलोमीटर, बस मोजक्या. गाडी चालवता येत असेल तर भारतीय लायसन्सवर इथे आल्यापासून वर्षभर चालवता येते. भाड्याच्या गाडीला वयाची अट असते, ती बुकिंगआधी वाचा. राहायला एशानेसमधल्या हॅमनाव्होचा जॉनी नोशन्स बॉड (बॉड म्हणजे साधं मुक्कामाचं घर) हा स्वस्त पर्याय. अठराव्या शतकात देवीची लस स्वतः तयार करून गावोगाव टोचणाऱ्या, शाळेचं फारसं तोंड न पाहिलेल्या माणसाचं हे घर. सोयी जेमतेम, अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं. किराणा वाटेतच भरा. डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर असला की संध्याकाळ निभावते.

जूनमध्ये रात्र अशी होतच नाही. साडेदहाला सूर्य मावळतो आणि उजेड रेंगाळत राहतो, तेव्हा 'अजून चार ठोकळे' करत माणूस दमतो. घड्याळ लावून परता. मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून कागदी नकाशा जवळ ठेवा. अपघात झाला तर 999 वर कोस्टगार्ड मागायचा.

मेंढ्यांच्या कुरणातून चालायचा हक्क स्कॉटलंडच्या 2003 च्या कायद्याने सर्वांना आहे, जबाबदारीने वागायच्या अटीवर. फाटक जसं होतं तसं लावा. शेतकरी भेटला तर थांबून बोला. कुठल्या हिवाळ्यात पाणी कुठवर आलं होतं हे त्याच्याकडून कळतं.

व्हिसाचं एक, कारण यात बरेच जण फसतात: मास्टर्सवाल्यांसाठी उन्हाळ्यातला डिझर्टेशनचा काळ सुट्टी धरला जात नाही. आठवड्याला 20 तास नोकरीची मर्यादा तेव्हाही लागू असते. फील्डवर जाताना डिपार्टमेंटला लेखी कळवून जा, आणि फील्डवर्कसाठी निधी आहे का हे त्याच ईमेलमध्ये विचारा.

आणि प्रत्येक ठोकळ्याला नंबर, जीपीएस आणि एकाच दिशेने काढलेला फोटो द्या, फोटोत मापपट्टी ठेवून. पुढच्या वर्षी येणारा विद्यार्थी तेच ठोकळे पुन्हा मोजणार असतो. दगडावर रंग लावायला परवानगी नाही, तेव्हा त्याच्याकडे ओळखायला तुमचा फोटोच असेल. फाइल गाइडच्या ड्राइव्हवर टाकल्याशिवाय बोटीचं परतीचं तिकीट काढू नका.