पोलीस, फायर, सेफ्टीची पदवी: फी भरण्याआधी मांडायचा हिशोब

बारावीचा निकाल लागला की ‘क्रिमिनॉलॉजी’ (गुन्हेगारीशास्त्र), ‘पोलीस सायन्स’, ‘फायर अँड सेफ्टी’ अशा अभ्यासक्रमांच्या जाहिराती सुरू होतात. वर्दीची हौस असलेलं पोर घरात असेल, तर आईवडील फीच्या आकड्यापाशीच थांबतात. खरा खर्च त्याच्या पुढे असतो.

पहिलं काम: कॉलेजच्या माहितीपत्रकाआधी भरतीची जाहिरात वाचा. हव्या त्या पदाची जुनी जाहिरात काढा आणि ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना बघा. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला बारावी पुरते. एमपीएससीतून पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) व्हायला पदवी लागते, पण ती कुठलीही चालते. तिथे क्रिमिनॉलॉजीवाल्याला बीएवाल्यापेक्षा एक गुणही जास्त मिळत नाही. मग जास्तीची फी कशासाठी, हे कॉलेजलाच विचारा.

फायरचं गणित निराळं. फायरमनच्या अनेक जाहिरातींत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम मागितलेला असतो. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाचं आहे आणि तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते. मात्र ‘नॅशनल’ आणि ‘फायर’ हे शब्द पाटीवर लावलेल्या खासगी संस्था तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांचं प्रमाणपत्र जाहिरातीतल्या अटीत बसतं का, हे अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

दुसरं: बुडालेला पगार, म्हणजे शिकण्याच्या काळात न मिळालेला पगार, खर्चात धरा. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचा मूळ पगार 21,700 रुपयांपासून सुरू होतो, पीएसआयचा 38,600 पासून. भत्ते दोघांनाही असतात, म्हणून तूर्त बाजूला ठेवू.

बारावीनंतर लगेच भरती झालेला शिपाई पहिल्या तीन वर्षांत वार्षिक वाढ धरून 8,06,400 रुपये मूळ पगार घेतो. तेवढ्या काळात दुसरा पदवी घेतो आणि समजा, लगेच पीएसआय होतो. तेव्हा शिपाई 23,800 वर असतो. महिन्याचा फरक 14,800. बुडालेले आठ लाख भरून यायला साधारण साडेचार वर्षं लागतात.

आता वास्तवाकडे या. पदवीनंतर दोन वर्षं तयारीत गेली, तर बुडालेला पगार 13,86,000 होतो. शिपाई तोवर 25,200 वर पोचलेला असतो, म्हणून फरक उरतो 13,400. भरपाईला साडेआठ वर्षं! वरच्या पदाची वार्षिक वाढ मोठी असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी काळ लागेल, हे खरं. पण यात फी, पुण्यातली खोली, मेस आणि क्लास धरलेलाच नाही. शिवाय हे सगळं निवड झाली तर.

तिसरं: मधली वाट तपासा. शिपाई म्हणून रुजू व्हायचं आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करायची. ही पदवी एमपीएससीला चालते, आणि पगार बुडत नाही. माझं मत विचाराल तर सामान्य घरासाठी हाच सगळ्यात शहाणा सौदा. अडचण एकच, बंदोबस्त लागला की अभ्यास बोंबलतो. गणपती आणि निवडणूक एकाच वर्षात आली, तर परीक्षा पुढे ढकलावी लागेल हे आधीच गृहीत धरा.

चौथं: सरकारी नोकरी हुकली तर पदवी काय देईल? इथे फायर आणि सेफ्टीची बाजू वरचढ ठरते. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतींना दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. म्हणजे खासगीत काम आहे. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल, तर इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका, कारखान्यातला अनुभव आणि त्यावर इंडस्ट्रियल सेफ्टीचा मान्यताप्राप्त डिप्लोमा, अशी साखळी सहसा असते. नुसत्या ‘सेफ्टी’ नावाच्या पदवीवर ती साखळी पुरी होते का, ते विचारून घ्या. क्रिमिनॉलॉजीला खासगीत असा कायद्याचा आधार नाही.

पाचवं: ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा कागद मागा. मागच्या बॅचमधले किती जण कुठे, कोणत्या पदावर आणि किती पगारावर लागले? सिक्युरिटी गार्डची नोकरीसुद्धा प्लेसमेंटमध्ये मोजली जाऊ शकते. दोन माजी विद्यार्थ्यांचे नंबर घ्या आणि कॉलेजच्या आवाराबाहेर त्यांच्याशी बोला.

आणि फी भरण्याआधी टेप काढा. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना 165 सेंटिमीटर आणि महिलांना 155 सेंटिमीटर उंची लागते. पुरुषांची छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त भरावी लागते. छाती व्यायामाने वाढवता येते. उंची दोन सेंटिमीटरने कमी पडत असेल, तर वर मांडलेला पगाराचा हिशोब तुमच्यासाठी नाही, थेट चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करा.