ओढा उलटा काढला तेव्हा: जीआयएस शिकवणारी न पाहिलेली माणसं

एमए भूगोलाला आम्हाला जीआयएसचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याचा, एकच पेपर होता. लॅबमधले निम्मे कॉम्प्युटर बंद, त्यामुळे प्रॅक्टिकल म्हणजे सरांनी दाखवलेलं वहीत उतरवून घेणं. पदवी हातात आली तेव्हा टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा) वाचता येत होती, पण स्वतःहून एक नकाशा करता येत नव्हता. पुढचं मी ज्यांच्याकडून शिकले, त्यातल्या बहुतेकांना आजवर पाहिलेलंही नाही.

सुरुवात ओपनस्ट्रीटमॅपपासून केली. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या नकाशात कुणीही खातं उघडून भर घालू शकतं. आमच्या गावाचं तिथे नुसतं नाव होतं. उपग्रहाच्या चित्रावरून मी रस्ते, देऊळ, शाळा आणि गावामागचे ओढे काढले. दुसऱ्या दिवशी माझ्या बदलांखाली जर्मनीतल्या एका मॅपरने (नकाशात भर घालणाऱ्याने) विचारलं होतं, 'तुमच्याकडे पाणी नदीकडून डोंगराकडे वाहतं का?' ओढ्याची रेघ ज्या दिशेने काढाल तीच प्रवाहाची दिशा धरतात, आणि मी ती नदीपासून सुरू करून वर डोंगराकडे नेली होती. रेघ उलटी करणं त्याला एका क्लिकचं काम होतं. त्याने ते केलं नाही, मला विचारलं. मग मी आदल्या दिवशी काढलेले सगळे ओढे तपासले, तर अर्ध्याहून जास्त उलटे. आज पाणलोटाचं काम हातात आलं की मी आधी रेघांची दिशा बघते.

शिंप्याच्या दुकानात नव्या मुलाला आधी काज-बटण देतात, तसंच इथेही. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम, म्हणजे आपत्तीच्या वेळी नकाशे करणारा गट, यांच्या कामात नकाशाचे चौकोन वाटून देतात, त्यातली घरं तेवढी काढायची. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर हजारो लोकांनी असंच घरबसल्या काम केलं. तुमचा चौकोन अनुभवी माणूस तपासतो आणि चुकलं तर कारण लिहून परत पाठवतो. चौकोन परत आला म्हणून खट्टू होऊ नका, ती कारणं वहीत लिहून ठेवा. आणि गुगल मॅप्सवरून बघून काही उतरवू नका. परवान्यात ते बसत नाही, केलेलं सगळं काढून टाकतात.

प्रश्न विचारायला शिकायला मला जास्त वेळ लागला. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरवर अडले, तेव्हा ऑनलाइन फोरमवर 'क्यूजीआयएस क्षेत्रफळ चुकीचं देतंय, मदत करा' एवढंच लिहिलं, तर दोन दिवस कुणी फिरकलं नाही. मग नीट लिहिलं: आवृत्ती कुठली, सूत्र कुठलं वापरलं, शेत साधारण एक हेक्टरचं असताना उत्तर ०.००००००८५ येतंय, आणि लेयर (नकाशातला माहितीचा थर) ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या अंशांत, आहे. अर्ध्या तासात उत्तर आलं. ते आकडे चौरस अंशांतले होते, लेयर आधी यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, न्यायला हवा होता. खाली आणखी एकाने विचारलं, 'जिल्हा कुठला?' कारण ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ आणि पूर्वेला ४४ लागतो. अमरावती शहर ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. हे मला पेपरात कुणी विचारलं नव्हतं.

इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं, माहिती अर्धवट असली तर नाही. नोकरीत असाल तर कंपनीचा डेटा कधीही प्रश्नासोबत टाकू नका. दोन-चार खोटे पॉलिगॉन (बंद आकार) काढून तेवढेच दाखवा.

लिंक्डइनवर 'सर, फ्रेशर आहे, जॉब असेल तर कळवा' असे मेसेज मीही पुष्कळ पाठवले. उत्तर एकाचंही आलं नाही. पुढे मी गावच्या ओढ्यांचा नकाशा टाकला, कसा केला तेही मराठीत लिहिलं. त्यावर पुण्यातल्या एका ताईंनी रंगसंगतीतली चूक दाखवली. ती सुधारून मी पुन्हा टाकला. पाच महिन्यांनी त्यांच्या ऑफिसात जागा निघाली तेव्हा त्यांनी स्वतःहून माझं नाव सुचवलं.

फोरमवर जमेल तसं इतरांना उत्तरं द्यायलाही लागा, चुकण्याची भीती असली तरी. जनगणनेचे आकडे गावांच्या नकाशाला कसे जोडायचे, असं एकाने विचारलं होतं. मी सांगितलं, गावाच्या नावावरून जोडा. लगेच तिसऱ्याने लिहिलं, एकाच तालुक्यात दोन वडगाव असली तर काय कराल? तेव्हापासून मी जोड लावते ती २०११ च्या जनगणनेतल्या गावाच्या कोडवरच.