मोटरसायकल ट्रेलरमध्ये कुठे उभी करायची, हे घरच्या वजनकाट्यावर ठरवा

अमेरिकेत काहीजण गाडीमागे ओढायच्या बंद कार्गो ट्रेलरमध्ये मुक्कामासाठी बेड, पाण्याची टाकी, बॅटरी बसवतात आणि मोटरसायकलही त्यातच नेतात. त्याने तोल बदलतो. मोटरसायकल फार मागे राहिली, तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. २,००० पाउंडांच्या ट्रेलरला २०० ते ३०० पाउंड.

१. सपाट जागी, टाकी आणि सामान भरलेलं, मोटरसायकल आत असतानाच, चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. मगच ट्रेलर गाडीपासून सोडवा.

२. कपलरखाली (ट्रेलरचं पुढचं टोक, जे हिचला जोडतात) वजनकाटा, त्यावर जाड लाकडी ठोकळा ठेवा. उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच हवी. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला उचलून धरणारा जॅक हळूहळू फिरवून कपलर ठोकळ्यावर टेकवा. जॅकचा पाय अधांतरी झाला की आकडा वाचा. काट्याची क्षमता आधी बघा, साधे काटे ३००-४०० पाउंडांपर्यंतच चालतात.

३. आकडा कमी आला तर मोटरसायकल पुढे, जास्त आला तर मागे.

जमलं की पुढच्या चाकाची जागा रंगाने आखा आणि चाक अडकवायचा स्टँड तिथेच बोल्टने पक्का करा. बाकी सामान तेवढंच आणि तिथेच असेल, तर पुढच्या वेळी मोजमाप नको.

मुक्कामाला मात्र मोटरसायकल बाहेर काढूनच झोपा. पेट्रोलची वाफ बंद ट्रेलरमध्ये साठते.