स्नूकर लीगमध्ये हँडिकॅप कसा लावायचा: कुणाला किती पॉइंट द्यायचे आणि ते कधी बदलायचे

पुणे असो, मुंबई असो की नाशिक, पार्लरमध्ये लीग काढायची म्हटलं की तारखा, एन्ट्री फी, टीम हे सगळं एका संध्याकाळी ठरून जातं आणि मग घोडं अडतं ते हँडिकॅपवर, म्हणजे कमी खेळणाऱ्याला आधीच किती पॉइंट द्यायचे यावर. कारण प्रत्येक पार्लरमध्ये पन्नासचा ब्रेक (न चुकता एका दमात काढलेले पॉइंट) मारणारे एक-दोघंच असतात आणि लागोपाठ तीन बॉल गेले तरी खूश होणारे दहा जण असतात, त्यात आपल्याकडे हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे ही पद्धत, त्यामुळे कमी खेळणारा माणूस दोन आठवडे हरला आणि दोन्ही वेळा पैसेही त्यानेच भरले की तिसऱ्या आठवड्यात तो येतच नाही. लीग टिकवायची असेल तर त्याला जिंकायचा खराखुरा चान्स द्यावाच लागतो. आणि "किती देतोस?" "वीस घे" अशा काउंटरवरच्या घासाघिशीतून तो मिळत नाही, कारण तिथे जो जास्त बोलतो त्याला जास्त पॉइंट मिळतात.

आधी एक सांगतो, स्टार्ट, म्हणजे हे आधी मिळणारे पॉइंट, घेण्यात कमीपणा अजिबात नाही. ब्रिटनमध्ये १९४९-५० च्या सीझनपासून १९५९ पर्यंत न्यूज ऑफ द वर्ल्ड या पेपरची प्रोफेशनल लोकांची टूर्नामेंट व्हायची आणि ती हँडिकॅपवर खेळली जायची. जो डेव्हिस म्हणजे १९२७ ते १९४६ मध्ये १५ वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला, त्या चॅम्पियनशिपमध्ये एकदाही न हरलेला माणूस, आणि त्याच्याकडून इतर प्रोफेशनल पॉइंट घ्यायचे. दहा सीझनमध्ये तो तीनदा जिंकला. उरलेल्यांमध्ये अॅलेक ब्राउन, सिडनी स्मिथ, जॅक रे यांच्यासारखे, कधीच वर्ल्ड चॅम्पियन न झालेले खेळाडूही जिंकून गेले. मला वाटतं हँडिकॅप बरोबर लागलाय की नाही हे ओळखायची याहून चांगली खूण नाही, सगळ्यात भारी प्लेयर इतरांपेक्षा जास्त वेळा जिंकला पाहिजे पण दर वेळी नाही.

आता मोजायचं कशावर. बहुतेक ठिकाणी हायेस्ट ब्रेक विचारतात आणि त्यावरून आकडा ठोकतात, आणि तिथेच गडबड होते. हायेस्ट ब्रेक म्हणजे त्या माणसाचा आयुष्यातला एक सर्वात चांगला दिवस, त्यातून तो रोज कसा खेळतो हे कळतच नाही. एखाद्याने चार वर्षांपूर्वी ६२ मारलेला असतो पण सेफ्टी (समोरच्याला सोपा बॉल न सोडणं) शून्य, प्रत्येक फ्रेममध्ये (डावात) तीन-चार फाउल देतो, आणि दुसरा असा असतो की ज्याचा ब्रेक कधी पंचविशीच्या वर गेला नाही पण बॉल उघडा ठेवतच नाही, स्नूकर लावून लावून, म्हणजे मध्ये दुसरा बॉल आणून सरळ मारता येणार नाही असं करून, समोरच्याला रडवतो. हे दोघं खेळले तर पैज मी दुसऱ्यावर लावेन. म्हणून मोजायचं ते फ्रेमच्या शेवटी दोघांच्या स्कोअरमध्ये किती फरक राहिला ते, कारण त्या फरकात पॉटिंग (बॉल पॉकेटमध्ये टाकणं), सेफ्टी, फाउल सगळं आपोआप येतं.

पण नुसता फरकही पुरत नाही, समोर कोण होता हे धरावं लागतं. दुबळ्या माणसाला ४० ने हरवणं आणि तगड्याला ५ ने हरवणं यात दुसरं मोठं आहे. त्यासाठी सगळ्यांना एका पट्टीवर आणायचं, लीगमधला सर्वात चांगला प्लेयर शून्यावर आणि बाकीचे त्याच्यापासून जितके लांब तितका मोठा आकडा. सुरुवातीला कुणाचाच आकडा नसतो, तेव्हा क्लबचा मार्कर (टेबलाजवळ स्कोअर ठेवणारा) आणि दोन जुने प्लेयर यांना बसवून सगळ्यांना चार गटात वाटून घ्या, ०, १५, ३०, ४५ असे. मार्करचं मत खरंच महत्त्वाचं धरा. तो रोज सगळ्यांच्या फ्रेम बघत उभा असतो आणि कोण किती पाण्यात आहे हे त्याला जेवढं माहीत असतं तेवढं स्वतः प्लेयरलाही नसतं. पार्लरमध्ये मार्कर नसेल तर काउंटर सांभाळणारा मुलगा चालेल, तोही दिवसभर तेच बघत असतो.

हा झाला कच्चा आकडा, आता लीगच्या आधी दोन आठवडे सगळ्यांनी हँडिकॅप न लावता साध्या फ्रेम खेळायच्या, प्रत्येकाच्या निदान पाच-सहा, आणि त्याही तीन तरी वेगवेगळ्या लोकांशी. प्रत्येक फ्रेमनंतर हिशोब एवढाच: समोरच्याचा आकडा घ्या, तुम्ही हरला असाल तर जितक्या पॉइंटने हरलात ते त्यात मिळवा, जिंकला असाल तर जितक्याने जिंकलात ते वजा करा. जे येईल ती तुमची त्या फ्रेमची किंमत.

समजा एक प्लेयर आहे, त्याला आपण समीर म्हणू, समोरच्यांचे आकडे फक्त उदाहरणापुरते धरलेत. १० वाल्याशी तो ३५ ने हरला, म्हणजे ४५. ३० वाल्याशी ४ ने हरला, ३४. ४५ वाल्याला १८ ने हरवलं, २७. २० वाल्याशी २२ ने हरला, ४२. ३५ वाल्याला ३ ने हरवलं, ३२. सगळे ओळीत लावले की २७, ३२, ३४, ४२, ४५, यातला मधला ३४, म्हणून जवळचा पाचाच्या पटीतला घेऊन समीरचा आकडा ३५ धरा. सरासरी काढली तर ३६ येते, इथे फार फरक नाही, पण मी मधलाच आकडा घ्यायला सांगतो कारण एका फ्रेममध्ये कुणी ९० ने धुतला गेला तर सरासरी पार बिघडते आणि मधला आकडा जागेवर राहतो. सगळ्यांचे असे आकडे निघाले की तेच नवे आकडे वापरून हिशोब अजून एकदा करा, कारण पहिल्या वेळी समोरच्यांचे आकडे अंदाजाचे होते. दुसऱ्या फेरीत बऱ्यापैकी जागेवर येतं.

यात एक काळजी घ्या. फ्रेम सोडली जाते तेव्हा स्कोअर काय होता तो लगेच लिहून घ्या, कारण आपल्याकडे पुढचं गिऱ्हाईक टेबलाची वाट बघत असतं, ब्लू-पिंक बाकी असतानाच लोक हात मिळवतात आणि नंतर कुणाला काही आठवत नाही. आणि सगळ्या फ्रेम एकाच टेबलवर नकोत. आपल्या रोजच्या टेबलवर प्रत्येक जण शेर असतो, कुठली पॉकेट सैल आहे, कुठल्या कुशनवर बॉल उडतो हे पाठ असतं. मुंबईत तर पावसाळ्यात कापड दमट होऊन इतकं जड होतं की एसी हॉलमध्ये खेळणारा माणूस साध्या पार्लरमध्ये पोझिशनला दर वेळी एक फूट कमी पडतो. निदान दोन टेबल ठेवा.

आता द्यायचे किती. समीर ३५, समोरचा १०, फरक २५. हे २५ च्या २५ द्यायचे का? माझं मत, नाही, तीन चतुर्थांश द्या, म्हणजे इथे १९. पूर्ण फरक दिला की प्रॅक्टिस करून वर आलेल्या माणसाला त्या मेहनतीचं काहीच मिळत नाही, आठवड्यातले चार दिवस टेबलवर घालवून जिंकायचा चान्स तोच राहणार असेल तर तो कशाला घालवेल. शिवाय १९ पॉइंट पुढे असलेला माणूस निवांत सेफ्टी खेळू शकतो आणि समोरच्याला रिस्क घेऊन लांबचे पॉट मारावे लागतात, हा फायदा स्कोअरबोर्डवर दिसत नाही पण असतो. काही लीग अर्धाच फरक देतात, ते मला कमी वाटतं, त्यात खालचा माणूस पुन्हा हरतच राहतो.

आणि वर एक मर्यादा ठेवा, ही अगदी गरजेची आहे. १५ रेडच्या फ्रेममध्ये प्रत्येक रेडवर ब्लॅक धरून टेबलवर १४७ पॉइंट असतात, १० रेडला १०७ आणि ६ रेडला ७५. वीकडेला संध्याकाळी वेळ नसतो म्हणून बऱ्याच लीग ६ रेड खेळतात आणि हँडिकॅप मात्र १५ रेडचाच लावतात, त्यातून काय होतं बघा. ६ रेडमध्ये कुणाला ५० चा स्टार्ट दिला, त्याने फक्त दोन रेड आणि दोन ब्लॅक टाकले (१६ पॉइंट), झाले ६६, टेबलवर राहिले ५९. म्हणजे समोरचा अजून एकही बॉल चुकलेला नाही आणि त्याला स्नूकर लावून फाउल काढायची वेळ आली. ही काय फ्रेम झाली? म्हणून स्टार्ट टेबलवरच्या पॉइंटच्या साधारण एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका, १५ रेडला ५०, १० रेडला ३५, ६ रेडला २५. आकडे काढताना १५ रेडवर काढले असतील तर ६ रेडला अर्धे करा, १० रेडला तीन चतुर्थांश. आणि एवढं करूनही दोघांत अंतर उरत असेल तर त्या दोघांना एका डिव्हिजनमध्ये ठेवूच नये, हँडिकॅपने सगळं भरून निघत नाही.

स्टार्ट नेहमी खालच्याला प्लसमध्ये द्या. वरच्याला मायनसवरून सुरू करायला लावलं तर पार्लरच्या सरकवायच्या बोर्डवर ते लावताच येत नाही आणि मधल्या फ्रेममध्ये भांडणं होतात. स्टार्ट धरून जो स्कोअर दिसतो तोच खरा, स्नूकर लागतात का, मिस द्यायची का (म्हणजे फाउलनंतर तोच शॉट परत खेळायला लावता येईल का), सगळं त्यावरच बघायचं. शेवटी स्टार्टसकट टाय झाला तर ब्लॅक परत स्पॉटवर, टॉस, नेहमीसारखं.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आकडा बदलायचा नियम, आणि हा पहिल्या मॅचच्या आधी लिहून ग्रुपवर टाकलेला पाहिजे. पहिला आकडा थोडा चुकला तरी चालतं, बदलायचा नियम चांगला असेल तर पाच-सहा मॅचमध्ये तो आपोआप जागेवर येतो. पण नियम नसेल तर दर रविवारी कुणीतरी कमिटीला फोन करून "मला पाच वाढवून द्या" म्हणणार आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. बेस्ट ऑफ थ्री असेल तर साधं ठेवा, २-० झालं की जिंकणाऱ्याचे ३ कमी आणि हरणाऱ्याचे ३ जास्त, २-१ झालं तर १ कमी, १ जास्त.

काही जण म्हणतात जिंकल्यावर ३ कमी करा पण हरल्यावर १ च वाढवा, म्हणजे मुद्दाम हरणाऱ्याला फायदा होणार नाही. ऐकायला कडक वाटतं, पण नीट बघितलं तर सगळ्यांचेच आकडे हळूहळू खाली सरकतात, आणि आपण तर दोघांमधला फरक वापरतो, त्यामुळे मुद्दाम हरणाऱ्याचा फायदा राहतोच. मुद्दाम हरणाऱ्याला अडवायचं असेल तर वेगळा नियम करा: सीझनमध्ये कुणाचाही आकडा सुरुवातीपेक्षा ८ च्या वर वाढणार नाही, कमी मात्र कितीही होऊ शकतो. आणि इथे हायेस्ट ब्रेक कामाला येतो, आकडा ठरवायला नाही तर पकडायला. ४० हँडिकॅपवाल्याने फ्रेंडली फ्रेममध्ये ४५ चा ब्रेक मारला आणि लीगमध्ये त्याचा ब्रेक बारावर अडकतोय, असं दोन-तीनदा दिसलं की कमिटीने सरळ १० कापावेत. त्याला बोलवा, शांतपणे सांगा, सगळ्यांसमोर अपमान करू नका, कारण कधी कधी माणूस खरंच मॅचमध्ये टेन्शन घेतो आणि त्याचा हात चालत नाही. मार्करला विचारलं तर तो दोन मिनिटांत सांगेल कुठली केस आहे.

अर्ध्या सीझनला सगळ्यांचा हिशोब परत वरच्या पद्धतीने करा, शेवटच्या दहा फ्रेम घेऊन. या वेळी लीगच्या फ्रेम असतात म्हणजे स्कोअरमध्ये स्टार्ट मिसळलेला असतो, तो आधी काढून टाका आणि मग फरक बघा, हे लोक हमखास विसरतात आणि मग आकडे भलतेच येतात.

मध्येच नवीन माणूस आला तर त्याला आकडा असलेल्या तीन जणांशी एकेक फ्रेम खेळवा, हँडिकॅप न लावता, मार्करसमोर, आणि जो येईल तो आकडा तात्पुरता धरून पहिल्या चार मॅचला बदल डबल ठेवा, ३ च्या जागी ६. दुसऱ्या शहरातून आलेला असेल आणि तिथे लीग खेळला असेल तर तिथला हँडिकॅप विचारा पण तसाच लावू नका, तिथला शून्यवाला आणि आपला शून्यवाला एकसारखे नसतात.

डबल्सला दोघांची सरासरी घ्या, बास. टीम लीगमध्ये मात्र टीमचा एकत्र हँडिकॅप लावू नका, प्रत्येक सिंगल्सला त्या दोघांचाच लावा, नाहीतर कॅप्टन लोक कुणाला कुणासमोर उभं करायचं यातच मॅच जिंकतात.

सेमी फायनलपासून आकडे फ्रीज करा, तिथे मॅचगणिक बदल नको. आणि सीझन संपला की शेवटचे आकडे पुढच्या सीझनला तसेच न्या, परत शून्यापासून सुरू करायची गरज नाही, फक्त मधल्या काळात सहा महिन्यांच्या वर जो खेळलाच नाही त्याला नवीन माणसासारखे पहिल्या चार मॅचला डबल बदल लावा.