सणासाठी नैसर्गिक सजावट करताना या चुका टाळा

फळांच्या चकत्या, पाइनचे शंकू, वाळक्या शेंगा, पाने, वेली आणि गवताचे तुरे यांची सजावट जवळजवळ फुकटात होते. बहुधा त्यामुळेच ती सण दोन दिवसांवर आला की आयत्या वेळी करायला घेतली जाते. बिघडलेल्या माळा आणि सुरकुतलेली पाने घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा दोष क्वचितच साहित्यात किंवा हाताच्या कसबात असतो. बहुतेक वेळा वस्तूच्या आत ओलावा राहिलेला असतो आणि तो निघून जाईपर्यंत थांबण्याची कोणाची तयारी नसते.

सर्वांत जास्त हाल संत्र्याच्या चकत्यांचे होतात. त्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या आणि सारख्या कापाव्यात, स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजूंनी टिपून घ्याव्यात आणि जाळीवर पसरून ओव्हनमध्ये ९० ते १०० अंश सेल्सिअसवर तीन ते चार तास ठेवाव्यात, मधूनमधून उलटत राहावे. घाई झालेली माणसे तापमान १५० अंशांवर नेतात. मग कडा करपतात, रसातली साखर काळपटते आणि मधला गर मात्र चिकटच राहतो. चकती वाळली की नाही हे गराला हात लावून कळत नाही. सालीलगतचा पांढरा भाग नखाने दाबून पाहावा आणि तेथे नख रुतले, तर चकत्या पुन्हा आत ठेवाव्यात.

हे मी नुकसान सोसून शिकले. एका वर्षी चाळीस चकत्या वाळवल्या होत्या, हवा दमट होती आणि सण जवळ आला होता. वरून कोरड्या लागतात एवढ्यावर समाधान मानून मी त्यांना वार्निशचा हात दिला, शंकूंबरोबर माळेत ओवल्या आणि माळ दारावर बांधली. चौथ्या दिवशी सालीच्या आतल्या कडेला करडे ठिपके दिसले, सहाव्या दिवशी त्यांवर हिरवट लव आली आणि दाराशी उभे राहिले की कोंदट वास येऊ लागला. वार्निशने आतला ओलावा आतच कोंडून ठेवला होता. बुरशी दोऱ्यातही उतरली होती, त्यामुळे चांगल्या शंकूंसकट सगळी माळ टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक खेपेतली एक चकती झाकणाच्या काचेच्या बरणीत रात्रभर ठेवते. सकाळी ती मऊ पडलेली आढळली, तर सगळी खेप परत ओव्हनमध्ये जाते. वार्निश मी पूर्णपणे सोडले आहे. ते वाळवण्याला पर्याय म्हणून वापरले जाते, आणि एकदा लावले की ती वस्तू सणानंतर खताच्या खड्ड्यातही टाकता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे झाडाखालून वेचलेल्या शेंगा आणि शंकू थेट घरात मांडणे. त्यांच्यात किडे असतात आणि घरातल्या उबेत ते बाहेर पडतात. शंकू फॉइलवर पसरून ९० ते १०० अंशांवर अर्धा ते एक तास तापवावेत. किडे मरतात आणि राळ वितळून खवल्यांवर सुरेख चमक येते. मात्र राळ पेट घेते, म्हणून त्या वेळात ओव्हनजवळून हलू नये. मिटलेला शंकू खराब समजून चाकूने उकलणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते पाहून खरोखर वाईट वाटते. दमट हवेत खवल्यांची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा जास्त फुगते, म्हणून शंकू मिटतो. वाळला की आपोआप उमलतो. उष्णता न सोसणाऱ्या शेंगा पिशवीत घट्ट बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर थंड शेंगांवर पाणी सुटते. ज्या शेंगेला बारीक भोक आहे आणि खाली पिठासारखा भुगा पडतो, ती घरात आणूच नये.

पाने दाबून वाळवताना पहिले तीन दिवस कागद रोज बदलावा. पाने लवचीक राहायला हवी असतील, तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग कोमट पाणी यांत देठ ठेचून दोन-तीन आठवडे उभे ठेवावेत. यासाठी डहाळी ताजी हवी, कारण पिवळे पडलेले पान पाणी ओढत नाही.

वेलींचे कडे ओल्या वेलीचेच वळते, पण वाळताना वेल आकसते आणि गाठी सैल होतात. म्हणून मी कडे दोन आठवडे टांगून ठेवते, सगळ्या गाठी पुन्हा आवळते आणि मगच त्यावर काही बांधते. ग्लू गनने चिकटवलेले दागिने उन्हाच्या खिडकीत गळून पडतात. सुतळी किंवा बारीक तार बरी. फुले अंधाऱ्या, वारा खेळत्या जागी उलटी टांगावीत, उन्हात रंग उडतो. गुंजांच्या बिया कितीही देखण्या असल्या, तरी लहान मुलांच्या घरात नकोत आणि त्यांना भोके तर पाडूच नयेत, कारण त्या अत्यंत विषारी असतात. वाळलेल्या सजावटीजवळ पेटता दिवा किंवा मेणबत्ती कधीही ठेवू नये.

सण झाल्यावर चकत्या शंकूंपासून वेगळ्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, कारण चकत्या हवेतला ओलावा पुन्हा शोषतात, चिकट होतात आणि मुंग्यांना बोलावतात. महिन्यातून एकदा डबा उघडून पाहावा आणि चकत्या मऊ लागल्या, तर त्याच दिवशी ९० अंशांवर पुन्हा तासभर वाळवाव्यात.